कचेरीतील सामोपचार

सकाळच्या वेळी भाईंदर किंवा मीरा रोड स्थानकाच्या फलाटावर उभे राहून चर्चगेटकडे निघालेल्या माणसांकडे क्षणभर पाहावे. हातात डबा, खांद्याला पिशवी आणि डोळे गाडीच्या दिशेला लागलेले. यांपैकी पुष्कळांचा दिवस कोणत्या ना कोणत्या कचेरीत जावयाचा असतो. कोणाचा बँकेत, कोणाचा विमा कंपनीत, कोणाचा सरकारी खात्यात, तर कोणाचा एखाद्या रुग्णालयाच्या हिशेबशाखेत. यांतील प्रत्येक जण दुसऱ्याचे काम करणारा आहे. आणि गंमत अशी की, यांतील बहुतेकांचे स्वतःचे काही ना काही काम कोठे तरी अडलेले असते. रजेचा अर्ज मंजूर होऊन आलेला नसतो. प्रवासभत्त्याचे बिल ‘त्रुटी’चा शेरा घेऊन परत आलेले असते. भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम घ्यावयाचा असतो, परंतु फाईल कोणत्या टेबलावर आहे हेच कळत नाही.

परक्या कचेरीत काम अडले तर मनुष्य तिला चार शब्द सुनावून मोकळा होतो. परंतु आपल्याच कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर ते अडले तर काय करावे? तेथील माणसे उद्या भेटावयाची असतात, परवा भेटावयाची असतात, आणि निवृत्तीच्या दिवशी आपल्या निरोपसमारंभालाही तीच यावयाची असतात. अशा वेळी सामोपचाराने काम कसे करून घ्यावे, आणि तसे करताना कोठे थांबावे, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

आपल्या जुन्या राजनीतीने कार्यसिद्धीचे चार उपाय सांगितले आहेत : साम, दाम, दंड आणि भेद. कचेरीच्या व्यवहारात हे चारही आपल्या परिचयाचे आहेत. दाम म्हणजे काय ते फोड करून सांगावयास नको. भेद म्हणजे एका कारकुनाचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या कानी घालून दोघांत तेढ पाडणे. दंड म्हणजे वरिष्ठांकडे तक्रार, स्मरणपत्र, आणि त्याची एक प्रत आणखी वरच्यांकडे. राहता राहिला साम. हा उपाय यादीत पहिला असूनही आपण त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. याचे कारण असे की, साम म्हणजे खुशामत अशी आपली समजूत होऊन बसली आहे, आणि स्वाभिमानी माणसाला खुशामतीचा तिटकारा असतो. तो योग्यच आहे. परंतु साम आणि खुशामत या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. खुशामत करणारा समोरच्या माणसाला त्याच्याविषयी खोटे सांगतो. सामोपचार करणारा समोरच्या माणसाची खरी अडचण काय आहे हे जाणून घेतो.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती बाजूस सारून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कचेरी ही संस्थाच मुळी अशासाठी निर्माण झाली की, तेथे माणूस पाहून काम होऊ नये. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने नोकरशाहीची मीमांसा केली; त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती विस्ताराने आढळते. त्याच्या मते आधुनिक कचेरीचे सामर्थ्य तिच्या अलिप्तपणात आहे. राग नाही, लोभ नाही. अर्जदार कोणाचा कोण हे न पाहता नियमाप्रमाणे निर्णय. राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या दरबारापेक्षा ही व्यवस्था गरिबाला अधिक न्याय देणारी आहे, यात संशय नाही. मग गोड बोलून काम करून घेणे म्हणजे त्या न्यायाला बगल देणेच नव्हे काय?

माझे नम्र उत्तर असे आहे. नियम निर्वैयक्तिक असावा. परंतु नियम राबविणारा हात माणसाचा असतो, आणि त्याच्याशी माणसासारखे वागण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. ‘कारकून’ हा फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘काम करणारा’ एवढाच आहे. आपण मात्र तो ‘काम अडविणारा’ अशा अर्थाने वापरू लागलो. हा अर्थपालट कसा झाला याचा दोष एकट्या कारकुनाच्या माथी मारता येणार नाही.

मीरा-भाईंदरच्या जुन्या रहिवाशांना हा पालट स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली, आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. त्यापूर्वी मिठागरांच्या आणि कोळीवाड्यांच्या या टापूत ग्रामपंचायतीत दाखला आणावयास जाणारा मनुष्य तेथील लेखनिकाला नावाने ओळखत असे, आणि लेखनिक त्याच्या आजोबांना ओळखत असे. त्या ओळखीत पक्षपातही होता, हे विसरून चालणार नाही. परंतु समोर बसलेल्या माणसाचे दुखणेखुपणे ठाऊक असल्याने निष्कारण राग येत नसे. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती आठ लाखांच्या वर गेलेली होती. आता खिडकीच्या आतला बाहेरच्याला ओळखत नाही आणि बाहेरचा आतल्याला. गावात जी ओळख जन्माबरोबर फुकट मिळत असे, ती शहरात आपल्या वर्तनाने मिळवावी लागते. कचेरीतील सामोपचार म्हणजे दुसरे काय आहे?

आता मी स्वतःची एक फजिती सांगतो. कारण या विषयातील माझे ज्ञान पुस्तकी नाही, ते चुकीतून आलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील एक शिपाई सेवेत असतानाच वारले. ते आमच्या भाईंदरचेच. मिठागरावर राबलेल्या घराण्यातील पहिले सरकारी नोकर. त्यांच्या पत्नीने कागदपत्रांची एक पिशवी माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाल्या, ‘‘दादा, तुम्ही त्याच कचेरीत आहात. एवढे पेन्शनचे पाहाल का?’’ मी मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला.

निवृत्तिवेतनाचे प्रकरण महालेखापालांकडे जाण्यापूर्वी सेवापुस्तक परिपूर्ण असावे लागते. वेतननिश्चिती बरोबर आहे की नाही, हे वेतन पडताळणी पथकाने पाहिलेले असावे लागते. आणि दरवर्षीच्या सेवेची वेतनदेयकांवरून पडताळणी केल्याची नोंद त्यात असावी लागते. या गृहस्थांच्या सेवापुस्तकात दोन वर्षांची नोंदच नव्हती. ती दोन वर्षे त्यांनी आमच्याच खात्याच्या दुसऱ्या कार्यालयात काढलेली होती. तेव्हा तेथून पडताळणीचा दाखला मागविणे एवढेच काम होते.

मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, त्यात ‘तात्काळ’ हा शब्द घातला. उत्तर आले : ‘अभिलेख उपलब्ध झाल्यानंतर कार्यवाही करण्यात येईल.’ तिसऱ्या पत्राची प्रत वरिष्ठांना पाठविली. चौथ्या पत्रात, ‘विलंबास आपणास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल’, असे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूष झालो. चार पत्रांत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिकडे एका घरात चूल कशी पेटत होती, याचा विचार माझ्या त्या खणखणीत वाक्यांत कोठेही नव्हता.

आमच्या शाखेत निवृत्तीस आलेल्या एक मुख्य लिपिक बाई होत्या. त्यांनी माझी चारही पत्रे वाचली आणि विचारले, ‘‘तुम्ही पत्र कोणाला लिहिता?’’

मी म्हणालो, ‘‘कार्यालयप्रमुखांना.’’

‘‘आणि ते फोडतो, वाचतो, उत्तर लिहितो कोण?’’

मी गप्प राहिलो. बाई म्हणाल्या, ‘‘त्याला जाऊन भेटा. काम का झाले नाही, असे विचारू नका. काम होण्यासाठी तुम्हाला काय लागेल, असे विचारा.’’

मी गेलो. आस्थापना शाखेतील तो लिपिक तिशी-पस्तिशीचा होता. त्याच्याकडे तीन टेबलांचे काम होते. दोन जागा रिकाम्या होत्या. मी नाव सांगताच त्याने एक फाईल काढली. तीत माझी चारही पत्रे तारखेच्या क्रमाने, पृष्ठक्रमांक घालून लावलेली होती. तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही मला जबाबदार धरणार असे लिहिले आहे. ही वेतनदेयके मी येथे येण्याच्या पूर्वीची आहेत. मी ती पाहिलेली नाहीत. न पाहता ‘पडताळणी केली’ असे लिहून दिले, आणि उद्या लेखापरीक्षणात काही निघाले, तर जबाब कोणी द्यायचा?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चार महिने मी ज्याला आडमुठा समजत होतो, तो वस्तुतः भीत होता. आणि त्याची भीती रास्त होती. माझ्या प्रत्येक पत्राने ती वाढविलेली होती. ज्याला स्वाक्षरीची धास्ती आहे, त्याला धमकी दिली की तो स्वाक्षरीपासून आणखी दूर पळतो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

मग मी विचारले, ‘‘भाऊसाहेब, तुम्हाला काय लागेल?’’ तो म्हणाला, ‘‘नेमके महिने कळले तर अभिलेखकक्षात शोधता येईल. दोन वर्षांचे सगळे गठ्ठे सोडावयास मला वेळ नाही.’’ मी घरी आलो. मृताच्या ट्रंकेत जुन्या पगारपत्रकांची चळत निघाली. तीवरून तो कोणत्या महिन्यात तेथे रुजू झाला आणि कोणत्या महिन्यात कार्यमुक्त झाला ते कळले. तेथील वरिष्ठांची अनुमती घेऊन एका संध्याकाळी आम्ही दोघांनी अभिलेखकक्षातील धूळ खाल्ली. देयके सापडली. दुसऱ्या दिवशी दाखला माझ्या हातात पडला.

आणखी एक गोष्ट घडली, ती मला अधिक लागली. निघताना तो म्हणाला, ‘‘त्या बाईंना तोवर तात्पुरते निवृत्तिवेतन का सुरू केले नाही तुम्ही? नियमांत तरतूद आहे.’’ ती तरतूद आमच्या कचेरीतही कोणाला सुचली नव्हती. माझ्या चार पत्रांनी त्याच्याकडून चार ओळींवर काही मिळविले नव्हते; एका साध्या प्रश्नाने मला न विचारलेले ज्ञानही मिळाले. आणि चहाचे म्हणाल तर तो त्यानेच पाजला.

श्रोतेहो, या प्रसंगावरून मी जे शिकलो ते आता थोडे व्यवस्थित मांडतो.

पहिली गोष्ट ही की, भेटावयास जाण्यापूर्वी त्या टेबलाचे कामकाज समजून घ्यावे. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ प्रसिद्ध आहे. प्रत्येक लिपिकाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत लावावेत : चालू प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद. आपले प्रकरण यांपैकी कोणत्या गठ्ठ्यात आहे, एवढे ज्याला कळले त्याचे अर्धे काम झाले. पुष्कळदा ते दुसऱ्या गठ्ठ्यात, म्हणजे कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत पडलेले असते. आणि ज्याच्यावर आपण रागावतो तो स्वतःच तिसऱ्या कोणाच्या तरी नावाने बोटे मोडीत बसलेला असतो.

या संदर्भात १९८० च्या दशकाच्या आरंभीचा एक प्रयोग आठवतो. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची फेररचना केली. कागदांची वर्गवारी, अभिलेखांची मांडणी, बसण्याची व्यवस्था, कामाची वाटणी अशा बारीकसारीक गोष्टींना त्यांनी हात घातला. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने तो प्रयोग महाराष्ट्रभर गाजला. त्यातील मर्म मला असे वाटते की, कारकुनाला आळशी म्हणून हिणविण्यापूर्वी त्याला हवा तो कागद हाती लागेल अशी सोय आहे की नाही, हे पाहिले गेले. वरिष्ठाने केलेला सामोपचार तो हाच.

दुसरी गोष्ट वेळेची. मार्चअखेरीस हिशेबशाखेत जाऊन गप्पागोष्टी करू पाहणारा मनुष्य कितीही गोड बोलला तरी अप्रियच ठरतो. पगारपत्रके तयार होण्याचे दिवस, अधिवेशनाच्या काळात विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे पाठविण्याची घाई, लेखापरीक्षण चालू असल्याचा आठवडा, हे सर्व टाळावेत. आपल्या कामाची निकड आपल्याला असते. त्याच्या कामाची निकड त्याला असते. दुसऱ्याच्या निकडीचा मान राखणे ही सभ्यतेची पहिली पायरी होय.

तिसरी गोष्ट कागदांची. कागद पूर्ण न्यावेत, क्रमाने लावावेत, प्रत्येक पानावर क्रमांक घालावा, आणि वर एका पानात काय मागितले आहे ते स्वच्छ लिहावे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर कसे असावे, कागद कसा राखावा, याचाही विचार त्या काळी अध्यात्माच्या ग्रंथात करावासा वाटला. सुवाच्य आणि सुव्यवस्थित अर्ज हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांविषयी आपण दाखविलेले सौजन्य आहे. ज्या अर्जावरून टिपणी लिहिणे सोपे जाते, तो सहसा गठ्ठ्याच्या तळाशी जात नाही.

चौथी गोष्ट संबोधनाची आणि प्रश्नाच्या घडणीची. टेबलामागच्या व्यक्तीला नाव असते. ते माहीत करून घ्यावे. ‘‘अहो, ते पेन्शनवाले कोण?’’ असे विचारीत शिरणारा मनुष्य दारातच अर्धी सहानुभूती गमावून बसतो. वयाने मोठ्या शिपायाला ‘मामा’ म्हटल्याने कोणाची पदवी खाली येत नाही. आणि साहेबांच्या दालनात कोण केव्हा गेले आहे, कोणती फाईल आत गेली आणि कोणती बाहेर आली, याची बिनचूक वार्ता त्यांच्याइतकी कोणापाशी नसते. प्रश्न विचारताना ‘का’ने आरंभ करू नये, ‘कसे’ने करावा. ‘‘हे का झाले नाही?’’ हा प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसाला विचारावयाचा आहे. ‘‘हे कसे करावे?’’ हा जाणत्याला विचारावयाचा आहे. ज्याला आपण जाणता समजून विचारतो, तो बहुधा जाणत्यासारखाच वागू लागतो.

पाचवी गोष्ट कृतज्ञतेची. कचेरीत तक्रारी लेखी होतात आणि आभार तोंडी मानले जातात. हा व्यवहार उलटा आहे. तोंडी आभार वाऱ्यावर विरून जातात, लेखी तक्रार मात्र फाईलीत राहते. मी त्या लिपिकाच्या वरिष्ठांना चार ओळींचे पत्र पाठविले : अमुक यांनी अमुक दिवशी अभिलेख शोधून काढला, त्यामुळे एका कुटुंबाचे निवृत्तिवेतन मार्गी लागले. पुढे तो भेटला तेव्हा म्हणाला की, त्याच्या नावाचे असे पत्र त्या फाईलीत पहिलेच होते. हे ऐकून मला आनंद होण्याऐवजी खेदच झाला.

आता थांबावे कोठे, याविषयी.

सामाचा पाय घसरला की तो दामावर जातो, आणि ही घसरण फार हळू होते. आज दिवाळीची मिठाई, उद्या मुलीच्या लग्नाची भेट, परवा पाकीट. सरकारी नोकराने कोणती भेट घ्यावी आणि कोणती घेऊ नये याचे निर्बंध महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत आहेत. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीपासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असल्यास सात दिवसांच्या आत ते कळविणाऱ्यालाच सुटका आहे. माझी स्वतःची कसोटी सोपी आहे. जे सौजन्य मी काम झाल्यावरही आणि काम न झाल्यावरही दाखवू शकेन ते सौजन्य. जे केवळ काम होईपर्यंत दाखवावयाचे, ते दाम.

दुसरी मर्यादा रांगेची. आपल्या गोड बोलण्याने आपला कागद वर आला आणि कोणा मुक्या माणसाचा खाली गेला, तर तो सामोपचार नव्हे, ती चोरी होय. त्या लिपिकाने माझ्यासाठी कोणाचेही प्रकरण मागे सारले नाही. जे काम मनुष्यबळाअभावी पडून होते ते आम्ही दोघांनी कचेरीची वेळ संपल्यावर केले. हा भेद बारीक आहे, परंतु तोच महत्त्वाचा आहे.

तिसरी मर्यादा स्त्रियांच्या बाबतीत अधिक जाणवते. कचेरीत पुरुषाने तुटक उत्तर दिले तर ‘कामात आहे’ असे म्हणतात. तेच स्त्रीने दिले तर ‘घमेंडखोर आहे’ असे म्हणतात. तिच्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा जणू नेमणुकीच्या आदेशात लिहिलेली असते, आणि ती हसली तर त्याचा भलता अर्थ लावणारेही असतात. म्हणून सौजन्याची मागणी कोणी कोणाकडे करू नये. ते स्वतः द्यावयाचे असते, वसूल करावयाचे नसते.

आणि शेवटी दंड. सामोपचाराची महती सांगताना मी दंडाला निरुपयोगी ठरवू इच्छीत नाही. जेथे भीती नसून दुष्ट बुद्धी आहे, अडचण नसून अपेक्षा आहे, तेथे गोड शब्द व्यर्थ होत. त्यासाठी कायद्याने साधने दिलेली आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरांच्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे कोणतीही फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याजवळ पडून राहता कामा नये. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराने तीस दिवसांत माहिती मागता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्यात दोन अपिले खात्यातच आणि तिसरे आयोगाकडे करता येते, आणि कसूर करणाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही साधने वापरावयाची वेळ आली तर तीही शांतपणे, अपशब्द न काढता वापरावीत. मात्र ती भात्यातील शेवटचा बाण म्हणून असावीत. मी पहिलाच बाण म्हणून तो सोडला, त्याची किंमत मला द्यावी लागली नाही. ती एका विधवेने दिली.

त्या बाईंच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. सर्व काम झाल्यावर मला कळले की, माझ्या पूर्वी त्या स्वतः दोनदा त्या कचेरीत जाऊन आल्या होत्या. त्या लिपिकाच्या टेबलापासून चार पावलांवर त्या उभ्या राहिल्या. तो खाली मान घालून लिहीत होता. कसे बोलावे, कोणाला काय म्हणावे, हे त्यांना ठाऊक नव्हते. थोडा वेळ उभे राहून त्या परत फिरल्या आणि सव्वापाचच्या गाडीने घरी आल्या. त्याला त्या आठवतही नव्हत्या. हे त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

मला बोलता येत होते, म्हणून माझे काम झाले. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी हे सारे सामोपचाराचे शास्त्र काय कामाचे? या प्रश्नाचे उत्तर टेबलाच्या बाहेरच्या माणसापाशी नाही. ते आत बसलेल्यापाशी आहे. आणि आपल्यापैकी बहुतेक जण, श्रोतेहो, दिवसातील एक तास बाहेर उभे असतो आणि सात तास आत बसलेले असतो. तेव्हा उद्या सकाळी गाडी पकडून आपण आपल्या जागेवर जाऊन बसाल आणि चार पावलांवर कोणी तरी पिशवी घेऊन उभे असलेले दिसेल, तेव्हा लेखणी क्षणभर खाली ठेवा, आणि त्यांनी विचारण्यापूर्वी आपणच विचारा, ‘‘बसा. आपले काय काम आहे?’’